सहा किलोमीटरची गोष्ट

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात खेळाचा शिक्षक आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात अविनाश साबळेचं एक चित्र लावलेलं आहे. वर्तमानपत्रातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. अंगावर भारताचा निळा गणवेश, एक पाय अडथळ्यावर आणि खाली पाण्याचा खड्डा. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला, याचा आम्हा बीडकरांना किती अभिमान आहे ते मी वेगळं सांगायला नको.

या चित्राखाली उभं राहून मी मुलांना दर वर्षी एकच गोष्ट सांगत असे. अविनाशचं घर गरीब शेतकऱ्याचं. शाळा सहा किलोमीटर लांब. गाडी नाही, बस नाही. मग हा मुलगा रोज चालत जायचा, उशीर झाला की पळत जायचा, आणि असं पळता पळताच तो मोठा धावपटू झाला. शेवटी मी म्हणायचो, "आणि तुम्ही? थोडं ऊन लागलं की सावली शोधता!"

एकदा हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतली सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमी बी चालतच येतो की."

वर्ग हसला. मीही हसलो. पण संध्याकाळी घरी जाताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ती मुलगी वस्तीवरून येते. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर तिचेही होतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं चालत येतात. त्यांच्या आईवडिलांनीही असंच चालत शाळा केली, किंवा सोडली. बीड जिल्ह्यात पायी शाळेत जाणारी लाखभर मुलं होऊन गेली असतील. नुसत्या चालण्यानं विजेते घडत असते, तर आमच्या जिल्ह्यात पदकं ठेवायला जागा उरली नसती. मग अविनाशच्या बाबतीत वेगळं काय घडलं? आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

आधी तो कोणत्या शर्यतीत धावतो ते पाहू. तिला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंड-इंग्लंडकडचे घोडेस्वार पूर्वी एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्याकडे पैज लावून घोडे फेकायचे. वाटेत कुंपणं, बांध, ओढे जे येईल ते ओलांडायचं. पुढे माणसंही तसं धावू लागली आणि त्याची मैदानी शर्यत झाली. अंतर तीन हजार मीटर. त्यात अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या, म्हणजे एकूण पस्तीस वेळा अंग उचलायचं. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, साधारण आपल्या कमरेएवढी. शंभर मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला तर पडतो. हा पडत नाही. जाड लाकडी तुळईच ती. धडकलात तर तुम्हीच पडता. पाण्याच्या उडीला अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, म्हणजे बारा फूट. अडथळ्याजवळ तो खोल आणि पुढे उथळ होत जातो. जो लांब उडी मारेल त्याला पाणी कमी लागतं. थकलेल्याची उडी आखूड पडते, तो खोल पाण्यात उतरतो आणि बूट भिजून आणखी जड होतात.

आता वेग. अविनाशची सर्वोत्तम वेळ ८ मिनिटं ९.९१ सेकंद. ही वेळ त्यानं ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत दिली. आकडा नुसता ऐकून मुलांना काही कळत नाही. म्हणून मी मैदानावर चुन्यानं दोनशे मीटरची फेरी आखली आणि म्हटलं, ही फेरी तेहतीस सेकंदांत पळून दाखवा. आमच्या दहावीतल्या सगळ्यात चपळ मुलानं ती कशीबशी पळली आणि तो लिंबाखाली आडवा झाला. मी म्हटलं, "ऊठ बाबा, अजून चौदा फेऱ्या राहिल्यात. शिवाय पस्तीस उड्या." त्या दिवसापासून मुलं त्या चित्राकडे वेगळ्या नजरेनं पाहतात.

तर मूळ प्रश्नाकडे येतो. अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील कोरडवाहू शेतकरी, जोडीला वीटभट्टीवरची मजुरी. आष्टी हा आमच्या जिल्ह्यातला अवर्षणप्रवण तालुका. तिथल्या शेतकऱ्याचं सगळं आभाळावर. बारावी झाल्यावर त्याच्या पिढीतल्या हजारो मुलांनी केलं तेच त्यानं केलं. तो लष्करात भरती झाला. महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. खेळाडू व्हायचं म्हणून नाही, तर घर चालवायचं म्हणून. २०१३-१४ मध्ये तो सियाचीनच्या बर्फात होता. नंतर राजस्थानच्या वाळवंटात, नंतर सिक्कीममध्ये. उणे तापमानाची हिमनदी आणि पन्नास अंशांकडे जाणारी वाळू अशी दोन्ही टोकं त्यानं विशीच्या आसपासच पाहिली.

मंडळी, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत अविनाश साबळे हे नाव धावपटू म्हणून कोणालाच ठाऊक नव्हतं. सहा किलोमीटरची वाट त्यानं लहानपणी तुडवली होती. पण त्या वाटेनं त्याला जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढवल्या नव्हत्या. २०१५ मध्ये त्यानं लष्करातल्या क्रॉस कंट्री शर्यतींत भाग घेतला, तेव्हा कुठे त्याच्यातली चमक दिसली. नंतर लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला हेरलं आणि २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळवलं. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. दुखापतीनंतर वजन वाढलं होतं, ते आधी उतरवावं लागलं. म्हणजे ज्या वयात पुष्कळ खेळाडूंची कारकीर्द रंगात आलेली असते, त्या वयात हा गडी अडथळ्यावर पाय कसा ठेवायचा ते शिकत होता.

लष्करानं त्याला काय दिलं? शौर्य दिलं असं आपण म्हणतो. खरं आहे. पण त्याआधी पोटभर आणि वेळेवर जेवण दिलं. पायात बूट दिले. दुखलं-खुपलं तर डॉक्टर दिला. महिन्याचा पगार दिला, म्हणजे घराची काळजी काही अंशी मिटली. धावणं हीच ड्यूटी ठरली आणि हातात घड्याळ घेऊन शेजारी उभा राहणारा माणूस मिळाला. गावातल्या मुलापाशी पाय असतात, दम असतो, चिकाटी असते. नसतं ते एवढंच. आणि एवढंच नसल्यामुळे बाकीचं सगळं वाया जातं.

पुढे काय घडलं ते थोडक्यात सांगतो. स्टीपलचेसमधला भारतीय विक्रम राजस्थानचे गोपाळ सैनी यांच्या नावावर होता. १९८१ मध्ये टोकियोत त्यांनी दिलेली ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांची वेळ सदतीस वर्षं कोणाला मोडता आली नव्हती. अविनाशनं ती २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडली, ही शर्यत धरल्यापासून दीड-दोन वर्षांत. मग त्याला स्वतःचेच विक्रम मोडायची सवय लागली. २०१८ ते २०२४ या काळात त्यानं राष्ट्रीय विक्रम दहा वेळा सुधारला. पहिल्या आणि दहाव्या विक्रमात जवळपास वीस सेकंदांचं अंतर आहे. त्याच्या वेगानं मोजलं तर मैदानावर ते सव्वाशे मीटर भरतं. २०१८ चा अविनाश आणि २०२४ चा अविनाश एकत्र धावले असते, तर नव्यानं रेषा ओलांडली तेव्हा जुना अजून शेवटच्या वळणावरच असता.

तो केवळ अडथळ्यांच्या शर्यतीत धावला असंही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर त्यानं अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पूर्ण केली. एकसष्ट मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय. २०२२ मध्ये अमेरिकेत पाच हजार मीटरच्या शर्यतीत त्यानं बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा, तीस वर्षांचा विक्रम मोडला. रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींवर हुकूमत असणारे धावपटू आपल्याकडे फार थोडे झाले.

दोहाची एक हकिकत मला नेहमी सांगावीशी वाटते. २०१९ ची जागतिक स्पर्धा. प्राथमिक फेरीत इथिओपियाचा एक धावपटू त्याच्यासमोर अडखळला. गर्दीत अविनाशची लय मोडली, सेकंद गेले. तरीही त्यानं राष्ट्रीय विक्रम केला, ८ मिनिटं २५.२३. पण अंतिम फेरीसाठी तेवढं पुरलं नाही. गोष्ट तिथेच संपली असती. पण भारतीय ॲथलेटिक्स महासंघाच्या लोकांनी त्याच रात्री रीतसर हरकत नोंदवली, चित्रफीत पाहिली गेली, त्याला अडथळा झाला हे मान्य झालं आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तीन दिवसांनी तिथे तो ८ मिनिटं २१.३७ सेकंद धावला, म्हणजे आणखी एक विक्रम आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीट. पाय अविनाशचेच होते. पण नियम माहीत असलेलं, वेळेत अर्ज करणारं, त्याची बाजू मांडणारं कोणी तरी तिथे होतं. आमच्या मुलांच्या वाट्याला असं कोणी येतं का? पंचायत समितीच्या एका दाखल्यासाठी तीन खेपा घालणाऱ्या बापाच्या मुलानं या प्रश्नाचं उत्तर काय द्यावं?

टोकियोत, म्हणजे २०२१ मध्ये, त्यानं पुन्हा विक्रम केला, पण प्राथमिक फेरीच्या पुढे जाता आलं नाही. मग आली बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ६ ऑगस्ट २०२२. स्टीपलचेस म्हणजे केनियाच्या घरची शर्यत. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियालाच मिळाली होती. दुसऱ्या कोणाला कांस्यदेखील नाही. त्या दिवशीही तीन केनियन पुढे आणि आपला मांडव्याचा गडी त्यांच्या मागे. एक एक करत त्यानं दोघांना गाठलं. शेवटच्या शंभर मीटरमध्ये अब्राहम किबिवोट आणि तो खांद्याला खांदा लावून पळत होते. किबिवोट ८ मिनिटं ११.१५, अविनाश ८ मिनिटं ११.२०. सोनं पाच शतांश सेकंदांनी गेलं. ते अंतर जेमतेम एक फूट भरतं. पण रुपेरी पदक आलं आणि केनियाची साखळी तुटली.

पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्यानं कोणाला जवळच येऊ दिलं नाही. १ ऑक्टोबर २०२३. तो आघाडीला गेला आणि एकटाच पळत राहिला. ८ मिनिटं १९.५० ही वेळ आशियाई स्पर्धेचा नवा विक्रम ठरली आणि या शर्यतीत सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तीन दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये रौप्य. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुषही तोच. तिथे तो अकरावा आला, ८ मिनिटं १४.१८ सेकंदांत. मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीनं ८ मिनिटं ६.०५ सेकंदांत सुवर्ण नेलं. आठ सेकंदांचा फरक. आमच्या गावात त्या रात्री कोणी तरी म्हणालं, "अकरावाच आला होय?" मी म्हटलं, "अहो, सगळ्या जगात अकरावा!"

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, सर, दुष्काळी मातीतच काही तरी आहे. बघा ना, ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली, तोही दुष्काळी. ती २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. आष्टी आणि माण, दोन कोरडे तालुके आणि दोन ऑलिंपिकपटू. खरंच, योगायोग मोठा आहे. पण हे बोलणं मला आता पटत नाही, उलट घातक वाटतं. कारण त्याचा अर्थ असा होतो, की दुष्काळ असू द्या, रस्ता नसू द्या, पोरं काटक होतील. अडचण हीच शिकवण ठरली की अडचण दूर करायची जबाबदारी कोणावरच राहत नाही. माझ्यावरही नाही. मी मुलांना गोष्ट सांगून मोकळा होत होतो, तसाच.

आमच्या जिल्ह्याचं वास्तव काय आहे? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. पाच-सहा महिने. पुष्कळदा मुलंही बरोबर जातात. आंतरशालेय स्पर्धांचा मोसम नेमका त्याच सुमारास असतो. माझ्या खो-खोच्या संघातून दर वर्षी दोघं-तिघं मधूनच गायब होतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नुसत्या फुल्या. त्यांच्यातला एखादा मैदानाला तेहतीस सेकंदांत फेरी मारणारा असेल, पण तो तेव्हा मोळ्या वाहत असतो. त्याचे पाय अविनाशच्या पायांपेक्षा कमी कष्टलेले नसतात. मुलं आजीआजोबांकडे नाही तर हंगामी वसतिगृहात राहिली, तर शाळा टिकते आणि शाळेबरोबर खेळही टिकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गुडघ्याचीच गोष्ट घ्या. २०२५ च्या मे महिन्यात कोरियातल्या गुमी इथे अविनाशनं आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण जिंकलं. जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. तिशी ओलांडलेल्या धावपटूसाठी हा पस्तीस अडथळ्यांपेक्षा मोठा अडथळा. त्यानं यातून उठावं असं प्रत्येक बीडकराला मनापासून वाटतं. पण ती बातमी वाचताना मला आमच्या गावातल्या एका ऊसतोड बाईंचा गुडघा आठवला. मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय मुरगळला. फाटलं काय, तुटलं काय, कोणी पाहिलं नाही. हळद-चुन्याचा लेप लावून तिसऱ्या दिवशी त्या फडात. आजही लंगडतात. काटकपणाच म्हणायचा, तर तो त्यांच्यात काय कमी आहे?

श्रोतेहो, अविनाशचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. उलट मला ते आता नीट कळतं. ज्यांना सोयी मिळतात ते सगळेच काही ऑलिंपिकला जात नाहीत. बाविसाव्या वर्षी नव्यानं शिकायला सुरुवात करणं, स्वतःचाच विक्रम दहा वेळा अपुरा मानणं, केनियन पुढे असताना आपण तिसऱ्या-चौथ्या जागेवर समाधान न मानणं, हे त्याचं स्वतःचं आहे. ते त्याला लष्करानं दिलं नाही आणि सहा किलोमीटरच्या वाटेनंही दिलं नाही. पण ते बाहेर यायला त्याला एक जागा लागली. ती जागा त्याला घरापासून हजारो कोस दूर, बर्फातून आणि वाळूतून फिरून आल्यावर मिळाली. ती आपल्या गावात, बाराव्या वर्षी मिळाली असती तर?

म्हणून मी हल्ली गोष्ट बदलली आहे. चित्र तेच आहे. मी मुलांना सांगतो, "अविनाशला चालत जावं लागलं, हे काही चांगलं झालं नाही. त्याला बस मिळायला हवी होती. तुम्हालाही मिळायला हवी. पण तोवर आपण काय करू शकतो ते बघू." गावातल्या तरुण मंडळानं वर्गणी काढून दोन स्टॉपवॉच आणि काही बुटांचे जोड दिले आहेत. मैदानातले दगड पालकांनी वेचले. शनिवारी सकाळी धावणाऱ्या मुलांना एक एक उकडलेलं अंडं नाही तर शेंगदाणा-गूळ मिळतो. हा काही मोठा प्रकल्प नाही. यातून ऑलिंपिकपटू निघेल असंही मी म्हणत नाही. पण कोणाच्या पायांत काय आहे, ते निदान कळेल तरी.

आणि ती मागच्या रांगेतली मुलगी? तिची दर शनिवारची वेळ मी एका वहीत लिहून ठेवतो. परवा तिनं विचारलं, "सर, मागच्या टायमापेक्षा किती कमी झालं?" मी म्हटलं, "चार सेकंद." ती म्हणाली, "मंग पुढच्या टायमाला अजून दोन करते." ती अजूनही वस्तीवरून चालतच येते. तिच्या वस्तीपर्यंत बस यावी म्हणून ग्रामसभेत अर्ज दिला आहे. त्या अर्जाची एक प्रत मी त्याच वहीत, तिच्या वेळांच्या पानाला टाचून ठेवली आहे.